आपांचं दुपारचं वाचन

१

आमच्या मंडळाला नाव नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी देगलूर नाक्याजवळ नजीरभाईंच्या शिलाईच्या दुकानात आम्ही चौघं जमतो आणि महिनाभरात कुणी काय वाचलं ते सांगतो. वाचायचं ते फक्त अद्भुत. राक्षस, उडते घोडे, बोलणारी झाडं, असलं. बाकी काय वाचलं असेल ते घरी ठेवून यायचं. आमच्यातला शिवशंकर औषधाच्या दुकानात कामाला आहे. तो एकदा साखरेच्या आजारावरचं पुस्तक घेऊन आला, तर नजीरभाईंनी त्याला चहासुद्धा पाजला नाही.

चौथ्या आपा. आपा म्हणजे हुसेनबी, नजीरभाईंची थोरली बहीण. जन्मभर शाळेत शिकवलं, उर्दू-मराठी-हिंदी जे मिळेल ते वाचलं, आणि आता डोळे गेले. दुकानाच्या मागच्या खोलीत राहतात. मधे एक पडदा. त्यांच्यामुळं आमच्यात एक रीत पडलीय. ज्यानं पुस्तक सुचवलं, त्यानंच ते आपांना वाचून दाखवायचं. फुकटची शिफारस कुणी करायची नाही.

मी आरती, एसटीत कंडक्टर. नांदेड-बिलोली गाडीवर. दिवसभर "पुढं सरका, पुढं सरका" करून राहिलं की संध्याकाळी माणसांचा वीट येतो, म्हणून मला असली पुस्तकं लागतात. लातूरला गंजगोलाईत रद्दीवाल्याकडं मला एक जाडजूड पुस्तक मिळालं, पुढचं पान फाटलेलं, लेखक कोण ते कळायला मार्ग नाही. आभाळातून एक नदी वाहते आणि एक नावाडीण आख्खी गावंच्या गावं नावेत बसवून पलीकडं नेते. मला ती बाई लगेच आवडली. माझ्यासारखीच खेपा करते बिचारी. थोडंच वाचलं होतं, पण त्या महिन्यात दुसरं काहीच वाचून झालं नव्हतं, म्हणून तेच सुचवलं.

"पुरी किताब वाचली न्हाई अन् सिफारिश करून राहिल्या? क्या बाई तुम्ही!" नजीरभाई म्हणाले.

"आपांसंगंच वाचते की पुरी," मी म्हणलं. "दोघींचं एकदम होईल."

२

सुरुवातीला बरं चाललं. दुपारी बिलोलीला गाडी लागली की जरा वेळ मिळायचा. ड्रायव्हर वीरण्णा डबा खाऊन मागच्या सीटवर आडवा व्हायचा. मी पुढच्या सीटवर पाय वर घेऊन आपांना फोन लावायचे. त्यांच्याकडं साधा बटनाचा फोन आहे. त्या "हाव बेटा, वाच" म्हणायच्या आणि मी वाचायचे. मधेच कुणीतरी खिडकीवर थाप मारायचं, "ओ म्याडम, ही नायगावला थांबती का?" आपा तिकडं हसायच्या. म्हणायच्या, "त्यालाबी बसव नावेत."

मग लग्नसराई लागली. गाड्या वाढल्या, माणसं तेवढीच. ड्युटीवर ड्युटी. बिलोलीला पोचलं की गाडी तशीच फिरवून परत. डबासुद्धा मी उभ्या उभ्या खायचे. आपांना फोन करणं राहिलं. आज करू, उद्या करू, असं म्हणत राहिलंच. "आपा, सध्या जमत नाही" एवढं सांगायला फोन करायचा, तर तोही झाला नाही. खरं सांगते, मला त्या दिवसांत कुणाशीही बोलायचं म्हणलं की अंगावर काटा यायचा.

घरीही तीच गत. नवरा सत्यम हैदराबादला कंपनीत, सणावाराला येतो. सासूबाई केवळाबाई नणंदेच्या बाळंतपणासाठी चाकूरला गेलेल्या. पोरगी शांभवी चौथीत आहे. सकाळची शाळा करून दुपारी घरी येते, मी येईपर्यंत एकटीच. खाली घरमालकीण लक्ष्मम्मा लक्ष ठेवतात, पण लक्ष ठेवणं म्हणजे जिन्याकडं बघून "पोरी, जेवलीस का" विचारणं. संध्याकाळी मी आले की शांभवी माझ्या बॅगेतून ते पुस्तक काढून पुढं धरायची. "आई, वाच ना." आणि अर्ध्या पानावर माझे डोळे मिटायचे. तेच वाक्य तीनदा वाचायचे.

एकदा तिनं पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं. "राहू दे," म्हणाली. "तू झोपत झोपत वाचतीस. राक्षसाचं भ्याच वाटत न्हाई."

मी ओरडले तिच्यावर. दिवसभर पाय तुटेपर्यंत कुणासाठी उभी असते, वगैरे वगैरे. ती पुस्तक बॅगेत ठेवून भिंतीकडं तोंड करून झोपली. मला लई वाईट वाटलं. पण उठून तिला जवळ घेण्याएवढाही जीव अंगात राहिला नव्हता. त्या दिवसानंतर तिनं कधी "वाच" म्हणलं नाही. मला वाटलं, बरं झालं, समजूतदार झाली.

३

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी तोंड लपवतच दुकानात गेले. शिवशंकरनं त्याचं पुस्तक सांगितलं. त्यात एक राजकन्या सापाशी लग्न करते. नजीरभाईंनी त्यांचं सांगितलं. मग आपांची पाळी.

"मी काय, आरती बेटाची किताब ऐकून राहिले," आपा म्हणाल्या. आणि सांगायला लागल्या. नावाडीण झोपलेल्या गावात पोचते, तिथं माणसं उभ्यानंच झोपलेली असतात, ती एकेकाला कडेवर घेऊन नावेत ठेवते. एक बाई तेवढी जागी असते, तिला नावेत यायचं नसतं.

 आपांना मी जिथपर्यंत वाचून दाखवलं होतं, तिथं असलं काही गाव नव्हतं. वाटलं, म्हातारं माणूस, दुसऱ्या कुठल्या गोष्टीत मिसळलं असेल. पंचवीस तऱ्हेच्या गोष्टी आहेत डोक्यात.

"आपा, माफ करा," मी म्हणलं. "मला मधल्या दिवसांत फोन करायला जमलंच न्हाई बघा."

आपा हसल्या. "काय मस्करी करतीस? रोज तर वाचतीस. अन् आता लई निवांत वाचतीस, बेटा. आधी तुझी घाई असायची. आता कसं, पाणी पिऊन, दम घेऊन." त्यांनी माझा हात चाचपून धरला. "मला लई बरं वाटतं."

नजीरभाईंनी सुईत दोरा ओवता ओवता मान हलवली. "मीबी ऐकतो पडद्याच्या अल्याड. दुपारी गिऱ्हाईक नसतंय. एकदा तर तुमच्या नादात सदऱ्याला बाही उलटी लावली."

शिवशंकर हसला. मीही हसले. दुसरं काय करणार?

४

दुसऱ्या दिवशी बिलोलीला गाडी उभी असताना मी बॅगेतून पुस्तक काढलं. खूण जुन्या जागीच होती. पुढं पानं चाळली. झोपलेलं गाव होतं. उभ्यानं झोपलेली माणसं होती. जागी बाईही होती. मी तेवढं वाचून पुस्तक मिटलं आणि वीरण्णाला म्हणलं, "दादा, माझ्या फोनवरून दुसरं कुणी फोन करू शकतंय का?"

"का वो? काय झालं?"

"काही न्हाई. असंच."

"बदला तो फोन," तो म्हणाला आणि डोळ्यावर टॉवेल घेतला.

माझ्या फोनमध्ये आपांना लावलेला एकही नवा फोन दिसत नव्हता. संध्याकाळी घरी जायच्या आधी मी नाक्यावर उतरले. नजीरभाईंना म्हणलं, आपांचा फोन जरा बघा. त्यांनी चष्मा लावून बटनं दाबली आणि फोन माझ्यासमोर धरला. आरती. आरती. आरती. दुपारचेच सगळे. त्यातल्या शनिवारच्या दुपारी मी कुठं होते ते मला पक्कं ठाऊक होतं. नरसीच्या वळणावर एका म्हाताऱ्याची कोंबडी सुटली होती गाडीत, आणि मी ती सीटखाली शोधत होते.

"एक विचारू का?" नजीरभाई हळू आवाजात म्हणाले. "पोरीला शाळेला सुट्टी हाय का सध्या?"

"सकाळची शाळा हाय. का?"

"न्हाई, मधी मधी तिचा आवाज येतो फोनवर. 'मग तिनं काय केलं?' असं विचारती. तुम्ही तिला नीट समजावून सांगता. म्हणलं, बाईंना घरून कामाची सोय झाली का काय."

कंडक्टरला घरून काम! दुसऱ्या कुणी म्हणलं असतं तर मी त्याला तिथंच झाडला असता.

५

घरी शांभवी भात खात बसली होती. मी तिच्यापुढं बसले. चेहरा साधा ठेवला.

"दुपारी काय करतीस गं तू?"

"ऐकत बसते."

"काय ऐकतीस?"

"तू वाचतीस ते." तिनं घास घेतला.

"मी दुपारी गाडीवर असते, शांभवी."

ती जरा विचारात पडली. मग म्हणाली, "दुपारची तू ओरडत न्हाईस."

मी तिच्या पेल्यात पाणी ओतलं. आणि मग, हसाल मला, एकदम हायसं वाटलं. सगळा उलगडा झाला असं वाटलं. पोरगी एकटी असते. पोरगी नकला लई छान करते, सासूबाईंची तर अशी करते की सत्यम पोट धरून हसतो. घरात माझा जुना फोन पडून आहे. तिनंच आपांचा नंबर लावला असणार आणि माझ्या आवाजात वाचलं असणार. प्रश्नही तीच विचारते, उत्तरही तीच देते. आपांच्या फोनवर नाव माझं कसं येतं, पुस्तक माझ्या बॅगेत असताना ती वाचते कशावरून, ह्या दोन गोष्टी बसत नव्हत्या. त्या मी बाजूला सारल्या. दमलेल्या माणसाला कुठलंही उत्तर चालतं.

तरी एकदा खात्री करावी म्हणून मी गुरुवारी रजा टाकली. शांभवीला काही सांगितलं नाही. ती शाळेतून आली की तुमच्याकडंच ठेवा, वर जाऊ देऊ नका, असं लक्ष्मम्मांना बजावलं. घराला कुलूप घातलं. किल्ली, जुना फोन, नवा फोन, पुस्तक, सगळं बॅगेत टाकलं आणि आपांकडं गेले.

६

आपांच्या खोलीला एकच खिडकी आहे, तीही गल्लीकडं. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. पलंगाजवळ माठ, माठावर ओलं फडकं. पडद्यापलीकडं नजीरभाईंची मशीन चालू होती. मी आले ते आपांना मी सांगितलं नव्हतं, नजीरभाईंनाही गप राहायची खूण केली होती. कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पेटीवर मी बॅग मांडीवर घेऊन बसले. इतकं शांत होतं की माझे डोळे मिटायला लागले. चोर पकडायला आलेली मी, पेंगून राहिले होते.

फोन वाजला.

मशीन थांबली. आपांनी उशीखालून फोन काढला, एक बटन दाबलं आणि छातीवर ठेवला. "हाव बेटा, वाच."

"ऐका हं, आपा," फोनमधून मी म्हणाले.

शांभवी नव्हती ती. पोरीची नक्कल आईला कळत नाही का? तो माझाच आवाज होता, पण लग्नाआधीचा म्हणा, माहेरच्या अंगणात बसून धाकट्या भावाला गोष्ट सांगतानाचा म्हणा. त्यात धूळ नव्हती. तो घाईत नव्हता. नावाडीण त्या जाग्या बाईला विचारत होती की तू का येत नाहीस, आणि आवाज दोघींचं बोलणं वेगवेगळं करून वाचत होता. मागं एक पंखा फिरत होता. आमच्या पंख्याची एक पात वाकलीय, मधून मधून तो टक करतो. तो टक करत होता.

माझे दोन्ही फोन माझ्या मांडीवर होते. पुस्तक बॅगेत होतं. मी हात घालून चाचपलं.

"मग ती बाई आली का नावेत?" शांभवीचा आवाज आला.

"थांब की, राणी. सांगते ना." आणि दोघी हसल्या.

मी शांभवीला कधी राणी म्हणत नाही. म्हणायचं सुचलंच नाही कधी. मी उठले ते पेटीचा आवाज झाला. आपांनी मान वळवली, "कोण हाय?" म्हणाल्या. मी पडद्यातून बाहेर पडले. नजीरभाई मशीनवर हात ठेवून माझ्याकडं बघत होते, एकदा माझ्याकडं, एकदा पडद्याकडं.  आत मी वाचतच होते.

रस्त्यावर येऊन लक्ष्मम्मांना फोन लावला. "शांभवी हाय ना तुमच्यापाशी?"

"माझ्यापाशी कशी असंल?" त्या म्हणाल्या. "तुम्हीच तर खाली येऊन घेऊन गेल्या की मघाशी. डोकं नीट हाय ना, अम्मा? उन्हात फिरू नका."

७

ऑटोवाल्याला सिडकोत घरी सोड म्हणलं आणि वाटभर त्याच्या खांद्याला धरून बसले, तो काय म्हणेल ह्याची लाज वाटली नाही. डोक्यात एकच. पोरीला काही करू नको. बाकी काय पाहिजे ते ने, पोरीला काही करू नको.

लक्ष्मम्मांचं दार बंद होतं, दुपारची झोप. मी जिना चढले. वर आमच्या दाराला कुलूप नव्हतं. दार आतून लावलेलं. खिडकी अर्धी उघडी होती आणि पडदा वाऱ्यानं हलत होता. आतून वाचल्याचा आवाज येत होता, फोनवर यायचा तसाच, फक्त जवळून.

खिडकीतून बघायचं धाडस व्हायला मला वेळ लागला. पडदा हलला तेव्हा पलंगाची एक कड दिसली. पलंगावर सैल टाकलेला एक पाय. पायात जोडवी, माझीच. सकाळी धुवून वाळत घातलेला माझा हिरवा गाऊन, त्याची कड घोट्यापर्यंत. पाय वाचनाच्या लयीत हलत होता. माझ्या टाचांना उभं राहून राहून अशा भेगा आहेत की चादर अडकते. ह्या टाचेला एक भेग नव्हती. पडदा परत आला आणि दिसायचं बंद झालं. वरचं काही मी बघितलं नाही. बघायचंही नव्हतं.

मी दार वाजवलं. आधी हातानं, मग मुठीनं. वाचन थांबलं. पावलं वाजली, छोटी. दार हातभर उघडलं.

शांभवी उभी होती. तिला कुणी काही केलेलं नव्हतं. केसांना तेल लावून दोन वेण्या घातल्या होत्या, लाल रिबिनीच्या, घट्ट, सारख्या. सकाळी मी तिला एका रबरात कशीतरी बांधून शाळेला पाठवली होती. गालाला पावडर होती. महिन्यात मी तिला एवढी खुश बघितली नव्हती.

"शांभवी, बाहेर ये," मी म्हणलं. आवाज माझा गाडीतलाच निघाला, घोगरा, चिडका. "चल. आत्ता चल माझ्यासंगं."

मी तिचा हात धरायला गेले. तिनं हात मागं घेतला. घाबरून नाही. तिनं मला खालपासून वरपर्यंत नीट बघितलं. गाडी भरल्यावर खाली उभ्या माणसाकडं मी बघते, तशी बघत होती.

"बाळा, मी हाय," मी म्हणलं. "मी वाचते ना तुला. आजपासून रोज वाचते. न्हाई झोपत."

तिच्या ओठांना किंचित काहीतरी झालं. एक क्षण मला वाटलं, येते.

आतून, पंख्याखालून, माझ्या आवाजात, अगदी मायेनं विचारलं, "कोण हाय गं, शांभू?"

शांभवी माझ्या डोळ्यांत बघत होती. दार लोटता लोटता ती म्हणाली, "कोणी न्हाई, आई. तू वाच."